दांडा सरळ की नागमोडी

आर्डिथ टॅकेटच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि पाय धड टेकेपर्यंत ती गावात बहिणीकडे राहायला गेली. ओपलचं घर सपाटीवर होतं. इथे टेकडीवरच्या घराला मात्र अंगणापासून न्हाणीघरापर्यंत नुसत्या पायऱ्या. निघताना गाडीत बसल्यावर तिने काच खाली केली आणि नवऱ्याला बोलावलं.

"वर्लिन, महिनाअखेरच्या शनिवारी आमच्या रानफूल मंडळातल्या बायका येणार आहेत. मी त्याच दिवशी सकाळी परत येईन. तेवढी रानातली पायवाट मोकळी करून ठेव. पण माझ्या गोल्डनरॉडला हात लावू नकोस."

"नाही लावत," वर्लिन म्हणाला.

आणि तो खरोखरच लावणार नव्हता. सगळी हयात त्याने नदीकाठच्या धान्यगिरणीत काढली होती आणि सांगितलेलं काम सांगितल्यासारखं करायचं ही त्याची ख्याती होती. निवृत्त झाल्यापासून त्याचा जीव ग्रास कटरमध्ये गुंतला होता. खांद्याला पट्टा अडकवून, कानांवर आवाज अडवणाऱ्या टोप्या चढवून तो अंगणात उतरला की ओपलसुद्धा म्हणायची, याच्यासमोर फार वेळ उभं राहू नका, कापून काढेल.

रस्त्याच्या कडेला, टपालपेटीपाशी, गोल्डनरॉड कंबरेच्या वर वाढलेला होता. डोक्यावर पिवळेधमक तुरे. वर्लिनने त्याच्याभोवती मशीन चालवलंच नाही. गुडघ्यांवर बसून आजूबाजूचं गवत हाताने उपटलं, दोन पावलं मागे जाऊन बघितलं, आणि मग घरामागच्या रानात शिरला. तिथे मेपलच्या सावलीत वाटेच्या दोन्ही बाजूंना कसलंतरी किडकिडीत तण माजलं होतं. गुडघाभर उंच, वाटेवर ओणवं झालेलं, पानांच्या बगलेत पिवळे कण सांडल्यासारखे. बायकांच्या कपड्यांना चिकटेल, असं वर्लिनच्या मनात आलं. त्याने एका बाजूने सुरुवात केली आणि पार त्या मोठ्या सपाट दगडापर्यंत दोन्ही कडा जमिनीसरशी केल्या. काम संपलं तेव्हा ती पायवाट कोर्टाच्या आवारातल्या हिरवळीसारखी दिसत होती.

संध्याकाळी त्याने ओपलकडे फोन लावला.

"वाट झाली," तो म्हणाला. "आणि तुझ्या गोल्डनरॉडच्या पानालाही धक्का लावलेला नाही. टपालपेटीपाशी शिपायासारखा उभा आहे."

आर्डिथ हसली. "अरे, तो रस्त्याकडेचा. तो सगळ्या जिल्ह्यात माजलाय. माझा रानातला. मेपलखाली, त्या सपाट दगडापर्यंत, वाटेच्या दोन्ही अंगांना. बारीकसा असतो, वाटेवर कलतो."

वर्लिनने खाली बघितलं. त्याच्या बुटांना अजून हिरवा चोथा चिकटलेला होता.

"ऐकतोयस ना?"

"ऐकतोय."

"तो आहे ना नीट?"

वर्लिनला बायकोशी खोटं बोलायची सवय नव्हती, आणि सवय नसलेल्या माणसाचं जे होतं तेच त्याचं झालं. सुरुवात करणं जमलं, कुठे थांबायचं ते कळेना. "आहे की," तो म्हणाला. "छान आहे. टवटवीत आहे." ऑपरेशन झालेल्या बाईला असल्या गोष्टी फोनवर सांगू नयेत, घरी आली की शांतपणे सांगू, असं त्याने स्वतःला समजावलं.

"मग माझं एक काम कर," आर्डिथ म्हणाली. तिचा आवाज एकाएकी खाली आला, जणू ओपलने ऐकायला नको होतं. "उद्या चांगला उजेड असताना जा आणि त्याचा दांडा बघ. सरळ आहे की नागमोडी, एवढं सांग."

"नागमोडी म्हणजे?"

"म्हणजे प्रत्येक पानापाशी जरा वळतो का. इकडे, मग तिकडे, मग परत इकडे."

"तुला माहीत नाही होय?"

"माहीत आहे. तरी बघ."

दुसऱ्या दिवशी वर्लिन रानात गेला. बघायला काही उरलेलंच नव्हतं. कटरच्या गरगर फिरणाऱ्या नायलॉन दोरीने त्या झाडांची पार कोशिंबीर केली होती. तरी त्याने वाळू लागलेले तुकडे गोळा केले, सपाट दगडावर मांडले, एकाला एक जोडून बघितले. तुकडे सगळे सरळ होते. पण बोटभर तुकड्यावरून काय कळणार? घाटातल्या वळणाच्या रस्त्याचाही हातभर तुकडा सरळच असतो. तो तिथे बराच वेळ डोकं खाजवत बसला. आजवर या वाटेने तो कितीदा गेला असेल, पण या झाडाचा दांडा कसा होता म्हणून कोणी विचारलं तर सांगता येऊ नये, याचं त्यालाच जरा विचित्र वाटलं.

संध्याकाळी फोनवर आर्डिथने इकडचं तिकडचं काहीच विचारलं नाही.

"बघितलास?"

"बघितला."

"मग? सरळ की नागमोडी?"

'सरळ' म्हणताना तिचा आवाज घसरला आणि 'नागमोडी' म्हणताना वर चढला. वर्लिनने या बाईबरोबर संसार केला होता. तिला कोणतं उत्तर हवंय हे ओळखायला त्याला दांडा बघायची गरज नव्हती.

"वळतो," तो म्हणाला. "चांगला वळतो."

"खरंच? प्रत्येक पानापाशी?"

"एकही पान सोडत नाही."

"आणि पान कसं आहे? अरुंद आहे का रुंद, अंड्यासारखं?"

"अंडंच."

"कडेला दाते आहेत?"

"करवत आहे नुसती."

आर्डिथने एवढा मोठा श्वास सोडला की वर्लिनला तो फोनमधून ऐकू आला. "किती बरं वाटलं म्हणून सांगू तुला. आता मी मॅक्सीनला फोन करते आणि या म्हणून सांगते."

"सांगायचं राहिलं होतं का?"

"राहिलं होतं," आर्डिथ म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मॅक्सीन बर्डेट ही मंडळाची अध्यक्षा. पलीकडच्या टेकडीवर राहायची, गळ्यात दोरीने भिंग अडकवायची. मंडळात बहुतेक जणी निवृत्त शिक्षिका होत्या. गिरणी कामगाराची बायको अशी आर्डिथ एकटीच. गेल्या हिवाळ्यात एका बैठकीत ती बोलून गेली होती की आमच्या रानात नागमोडी गोल्डनरॉड आहे. त्यावर मॅक्सीनने "या खोऱ्यात? बघायला हवा," एवढंच म्हटलं होतं, पण भुवया उंचावून म्हटलं होतं. त्या भुवया आर्डिथ बरोबर घेऊन घरी आली होती. हे सगळं वर्लिनला माहीत होतं. आता नुसतं कसलंतरी पिवळं फूल आणून भागणार नव्हतं. वळणारा दांडा, अंड्यासारखं पान, करवतीचे दाते, असा ज्याचा त्याने स्वतःच्या तोंडाने पंचनामा करून दिला होता, तेच झाड त्याला शोधायचं होतं.

तो शोधायला निघाला आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की सप्टेंबरात या टेकड्यांवर जिकडेतिकडे पिवळंच असतं. आजवर त्याने त्या सगळ्याला 'पिवळं' म्हणून सोडून दिलं होतं. आता जवळ जाऊन बघतो तर एक दुसऱ्यासारखं नाही. एकाच्या डोक्यावर तुरा, पण दांडा काठीसारखा. एक त्याच्याहून उंच, दांड्याला बाणाच्या पिसांसारखे पंख फुटलेले. एकाच्या पाकळ्या उलट्या दुमडलेल्या, जणू कोणाचा तरी राग आलाय. दिवस असाच गेला. पँटला चिकटलेल्या कुसळांनी तो साळिंदरासारखा दिसायला लागला.

ओढ्याच्या उतारावर मात्र तो थबकला. तिथे एका ओंडक्याच्या आडोशाला बारीकसं, ओणवं झाड होतं, पानांच्या बगलेत पिवळे कण सांडलेलं. कापलेलं तण त्याला नीट आठवत नव्हतं, पण ते असंच काहीतरी दिसत होतं. तो खाली बसला. दांडा निळसर, वर पीठ लावल्यासारखी झाक, आणि सरळ. पान विलोच्या पानासारखं लांब, अरुंद.

तो बराच वेळ त्या झाडाकडे बघत राहिला. मी कापलं ते हेच असेल तर, त्याच्या मनात आलं. मग त्याने मान हलवली. आर्डिथ हे झाड वर्षानुवर्षं बघत आलीय. ती नागमोडी म्हणते म्हणजे नागमोडीच असणार. मी काय, त्याला कटरच्या टोकाशी एकदा पाहिलं तेवढंच. तिच्या डोळ्यांवर विश्वास ठेवून तो उठला आणि त्या झाडाला तिथेच सोडून पुढे गेला.

शेवटी थकून तो डॉर्सीकडे गेला. डॉर्सी हा मॅक्सीनचा नवरा आणि वर्लिनचा शाळेपासूनचा सोबती. तो ट्रॅक्टरच्या शेडमध्ये ट्रॅक्टरखाली आडवा झालेला होता आणि बाहेर नुसते त्याचे बूट दिसत होते.

"डॉर्सी, नागमोडी दांड्याचं पिवळं फूल कुठे बघितलंयस का?"

बूट स्थिर झाले. "तुलाही मंडळात घेतलं की काय रे?"

वर्लिनने त्याला सगळं सांगितलं. मनावरचं ओझं कोणाजवळ तरी उतरवायला हवंच होतं. डॉर्सी सरपटत बाहेर आला, हात पुसले आणि ऐकून घेतलं. तो हसला नाही. त्याचंही लग्न झालेलं होतं.

"फुलांतलं मला काय कळतं," तो म्हणाला. "शेडच्या मागे उतारावर काहीतरी पिवळं माजलंय खरं. बघ जाऊन. जपून जा, तिथे माझं भंगार पडलंय."

शेडच्या मागे जुना नांगर, गंजलेली पाण्याची टाकी आणि विनाचाकांची एक ट्रॉली होती. त्यांच्या पलीकडे जमीन उत्तरेच्या अंगाला उतरत गेली होती. वर दाट मेपल, खाली ओलसर काळी माती. आणि त्या सावलीत, टाकीपासून थेट खालच्या कुंपणापर्यंत, बारीक पिवळे झुबके पेटलेले होते.

वर्लिन नांगराला धरून खाली बसला. एका दांड्यावर त्याने बोट ठेवलं आणि खालून वर नेलं. पहिल्या पानापाशी बोट डावीकडे वळलं. पुढच्यापाशी उजवीकडे. मग परत डावीकडे. पान रुंद, टोकदार अंड्यासारखं. कडेवरून अंगठा फिरवला तर दाते लागले. त्याने दुसरा दांडा बघितला, तिसरा बघितला. एखादा माणूस दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांशी बोलत बोलत चाललाय तसं ते झाड वर चाललं होतं. आपण एखादी गोष्ट शोधतोय, ती मिळाली आणि ती मुळात सुंदरही आहे, असं वर्लिनच्या आयुष्यात फार वेळा झालेलं नव्हतं. तो लगेच उठला नाही.

"मिळालं का रे?" शेडमधून डॉर्सीने विचारलं.

"मिळालं. मॅक्सीनला माहीत आहे का हे?"

"छे. माझ्या भंगाराकडे बघायचं नाही म्हणून ती या बाजूला वर्षानुवर्षं फिरकलेली नाही. आणि तू सांगूही नकोस. तिने इथे पाय ठेवला की मला नांगरापासून सगळं उचलावं लागेल. तुला पाहिजे तेवढं ने, हवा तर उतार ने, पण गुपचूप ने."

वर्लिनने मोठमोठी ढेकळं धरून झाडं काढली, ओल्या पोत्यांत गुंडाळली आणि पिकअपमधून घरी नेली. सपाट दगडापर्यंत वाटेच्या दोन्ही अंगांना ती लावली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी माना टाकल्या. मग त्याचे हाल बघवत नव्हते. बादल्यांनी पाणी घातलं, वरून उन्हाची तिरीप येत होती तिथे खोल्यांतल्या चादरी बांधल्या, दगडावर बसून राहिला. फांदी हलली तरी उठून बघायचा. हळूहळू एकेकाने मान वर काढली, आणि वर्लिनने चादरी सोडल्या.

रोज संध्याकाळी आर्डिथ विचारायची, "आज कसा आहे?" आणि आता त्याला उत्तर देता येत होतं. खालचे झुबके आधी उमलतात, वरचे मागून. सकाळी एक बारीक हिरवी माशी येते, मधमाशी उशिरा येते. पान खालून जरा खरखरीत लागतं. आर्डिथ ऐकत राहायची. तो बोलायला लागला की ती मध्ये बोलत नव्हती, जे एरवी क्वचितच घडायचं. फोन ठेवल्यावर वर्लिनला दर वेळी वाटायचं, आज सांगून टाकायला हवं होतं. पण दर वेळी बोलणं इतकं छान झालेलं असायचं की ते नासवावंसं वाटायचं नाही.

शनिवारी सकाळी ओपलने आर्डिथला घरी आणून सोडलं, आणि ती हातातल्या काठीसह खुर्चीत टेकते न टेकते तोच बायकांच्या गाड्या वर चढल्या. मॅक्सीन सर्वांत पुढे होती. पायवाटेवर आर्डिथ काठी टेकत तिच्याशेजारून चालली होती आणि वर्लिन मागून बघत होता. आर्डिथचा चेहरा पांढरा पडला होता. गुडघा दुखत असेल, त्याला वाटलं. खरं तर त्याला असं वाटून घ्यायचं होतं.

मॅक्सीन वाकली. भिंग डोळ्याला लावलं, दांडा दोन बोटांत धरला, पान उलटं करून बघितलं. बाकीच्या बायका चर्चमध्ये उभ्या असल्यासारख्या गप्प होत्या.

"नागमोडी," मॅक्सीन म्हणाली. "शंकाच नाही." ती हळूहळू उठली आणि आर्डिथकडे वळली. "मी तुझी माफी मागायला हवी. मला वाटलं होतं तू चुकलीस. सावलीत वाढणारा निळ्या दांड्याचा एक असतो, पुष्कळ जणी त्यालाच हा समजतात. मी तर मनाशी ठरवून आले होते, तुला दुखवायचं नाही, हळूच सांगायचं."

आर्डिथ त्या झाडांकडे बघत होती, आणि अनोळखी पाहुणे आपल्या जेवणाच्या टेबलावर बसलेले दिसावेत तसं बघत होती. मग तिने मान वळवून वर्लिनकडे बघितलं. वर्लिन मेपलच्या शेंड्याकडे बघत होता.

"मी या खोऱ्यात जन्मले," मॅक्सीन म्हणाली, "पण आमच्या जमिनीवर याची एक काडी नाही. मला एक रोप देशील का गं?"

"वर्लिनला विचार," आर्डिथ म्हणाली. "तोच बघतोय त्यांच्याकडे."

वर्लिनने फावडं आणलं आणि चांगलं भरदार रोप मातीसकट काढून दिलं. मॅक्सीनने ते दोन्ही हातांत बाळासारखं घेतलं. "मी हे टपालपेटीपाशी लावणार. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसलं पाहिजे."

वर्लिनने गप्प बसायला हवं होतं. फुलातलं काही कळत नव्हतं तेव्हाचा वर्लिन गप्प बसलाही असता. पण त्याच्या डोळ्यांपुढे ती माना टाकलेली रोपं आली.

"तिथे नको," तो म्हणाला. "उन्हात मरेल ते. याला ओलसर सावली लागते. उत्तरेचा उतार लागतो. तुमच्या ट्रॅक्टरच्या शेडमागे लावा, तिथे धरेल."

"शेडमागे? तिथे डॉर्सीचं भंगार आहे."

"भंगाराच्या पलीकडे," वर्लिन म्हणाला, आणि मग गप्प बसला.

बायका पोर्चवर बसून ॲपल पाय खाऊन, कॉफी पिऊन गेल्या. जाताना दोघीतिघींनी वर्लिनशी हात मिळवला. पोर्चवर दोघंच उरली तेव्हा आर्डिथने पाय स्टुलावर ठेवला आणि रानाकडे बघत म्हणाली, "वर्लिन, माझ्या फुलाचा दांडा सरळ होता."

वर्लिन कप हातात तसाच धरून बसला. "तुला माहीत होतं?"

"ओपलकडे पडल्या पडल्या फुलांचं पुस्तक चाळत होते. त्यात चित्र बघितलं आणि अंगाला घाम फुटला. मी चुकले होते. निळ्या दांड्याच्यालाच मी नागमोडी म्हणत आले होते, आणि बैठकीत सगळ्यांसमोर बोलून बसले होते. मी ठरवलं, पाय दुखतोय म्हणून मॅक्सीनला येऊ नका सांगायचं. शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते. म्हटलं, त्याआधी एकदा वर्लिनला बघायला सांगू. तू म्हणालास, वळतो."

"मला वाटलं तुला तेच हवंय."

"तेच हवं होतं. म्हणून तर विश्वास बसला." तिने काठी मांडीवर आडवी घेतली. "इतकी वर्षं मी ते झाड बघतेय. आणि तू एकदा म्हणालास वळतो, तर मी म्हटलं, माझंच बघणं चुकलं असेल."

ओढ्याकाठी त्या निळसर दांड्यासमोर आपणही नेमकं हेच म्हणालो होतो, हे वर्लिनला आठवलं. ते कसं सांगावं त्याला कळेना. त्याऐवजी तो म्हणाला, "मी ते कापलं, आर्डिथ. पहिल्याच दिवशी."

"सगळं?"

"सगळं. मला वाटलं तण आहे."

आर्डिथने डोळे मिटले. तिचे खांदे हलायला लागले आणि ती रडते आहे असं वाटून वर्लिन उठला. पण ती हसत होती, गुडघा धरून, आवाज न करता. "तेव्हाच सांगितलं असतंस तर मी तुला तिथून येऊन मिठी मारली असती," ती म्हणाली. "फूलच नाही तर दाखवायचं काय. किती सोपं झालं असतं." मग हसू ओसरलं आणि तिने डोळे पुसले. "माझा तो निळा गेला म्हणायचा. नाव चुकलं होतं, पण मला आवडायचा."

"ओढ्याच्या उतारावर एक आहे. ओंडक्याच्या आड. पाय बरा झाला की नेतो तुला."

तिने त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. नवऱ्याच्या तोंडून फूल बघायला नेतो, हे वाक्य तिने कधी ऐकलं नव्हतं. "आणि ही झाडं कुठून आणलीस?" तिने विचारलं.

वर्लिनने तोंड उघडलं तेवढ्यात आत फोन वाजला. त्याने लांब वायरचा फोन ओढत दारापर्यंत आणला आणि आर्डिथच्या हातात दिला. मॅक्सीन बर्डेटला फोनवर हळू बोलता येत नसे. तिचा शब्द न् शब्द पोर्चभर ऐकू येत होता.

"आर्डिथ, बसलीयेस ना? मी ते रोप लावायला शेडमागे गेले. नांगर ओलांडून गेले. अगं, अख्खा उतार भरलाय त्याने. नागमोडी. आमच्या दाराशी, आणि मी तुझ्याकडे भीक मागतेय."

"होय का?" आर्डिथ म्हणाली. तिची नजर वर्लिनवर होती. वर्लिन परत मेपलचा शेंडा शोधत होता.

"पण मधे मधे खड्डे आहेत. ताजे. फावड्याच्या पात्याएवढे, एका ओळीत. डॉर्सीला विचारलं तर म्हणतो ग्राउंडहॉगने बिळं खणली असतील. आणि असं म्हणून तो ट्रॅक्टरखाली शिरलाय, बाहेर यायला तयार नाही. ग्राउंडहॉग असे चौकोनी खड्डे करतो का गं?"

आर्डिथने फोन छातीशी धरला आणि रानाकडे, मेपलखालच्या त्या पिवळ्या झुबक्यांकडे बघितलं. वर्लिनला वाटलं, आता ती काहीतरी जुळवून सांगेल; तिला त्याच्यापेक्षा बरं जुळवता यायचं. तिने फोन परत कानाला लावला.

"मॅक्सीन," ती म्हणाली, "कॉफी ठेव. आम्ही दोघं येतोय. बरंच सांगायचंय, आणि त्यातलं निम्मं माझं आहे."

तिने फोन ठेवला आणि काठीसाठी हात पुढे केला. वर्लिनने काठी दिली, तिला उठवलं, आणि पायरीवर तिच्या एक पायरी खाली उभा राहिला, म्हणजे तिला त्याच्या खांद्यावर हात टेकता येईल.

"पोती घेऊ का बरोबर?" त्याने विचारलं. "झाडं परत न्यायला?"

आर्डिथने चांगला पाय खालच्या पायरीवर ठेवला आणि विचार केला.

"निम्मी घे," ती म्हणाली. "बाकीची मी तिच्याकडे मागून बघते."